बंद खातं, भाग दुसरा

सरांनी मला मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता. "शेवटचं कधी घाबरली होतीस?"

"आत्ताच," मी म्हटलं. "तुमच्या जिन्यात."

खोटं नव्हतं ते. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वर सरांच्या दोन खोल्या होत्या. जिन्याला खिडकी नव्हती आणि कठड्यावर अर्धवट शिवलेल्या पँटी ओळीने टांगलेल्या असायच्या. वर चढताना त्यातली एक माझ्या खांद्याला लागली आणि मला वाटलं, कुणाचे तरी पाय लोंबताहेत.

"कुठे वाटलं? पोटात, की मानेत?"

"टाळूत. एकदम गार पडली टाळू."

सरांनी खिशातलं पेन काढलं, समोरच्या कागदावर 'टाळू' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

मी बी.कॉम. होऊन वर्षभर विठ्ठलवाडीला घरी बसले होते. कॉम्प्युटरवर बसायला मुलगी पाहिजे, एवढंच मैत्रिणीकडून कळलं होतं. बिलं टाइप करायची असतील असं धरून मी गेले. दुसऱ्या दिवशी समजलं की मला व्हिडिओ गेम खेळायचाय, तोही घाबरवणारा, आणि खेळताना घाबरायचंय. बाकीचे गेमवाले खेळण्यात तरबेज पोरं शोधतात. सरांना भित्रं माणूस हवं होतं, आणि भीती लपवता न येणारं.

गेमचं नाव होतं 'बंद खातं'. कारखान्यात एकेका विभागाला खातं म्हणतात, ते खातं. बंद पडलेला एक केमिकलचा कारखाना, तिथे एकटा रखवालदार, हातात बॅटरी, बॅटरीला सेल मोजकेच. आतल्या एका खात्यातलं यंत्र आपोआप सुरू होतं आणि काय झालं ते बघायला त्याला जावं लागतं. बंदूक नाही, मारामारी नाही. लपायचं, श्वास धरायचा, सेल पुरवायचे आणि जिवंत बाहेर यायचं. माझ्या बाबांना मी नाव सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी बँकेत लागले. "बंद पडलेलं खातं पुन्हा चालू करून देतात का गं तुमच्यात?" असं त्यांनी शेजारच्या काकांसाठी विचारलंसुद्धा.

सर तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि सहा इंची पट्टी. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्रांची आणि शेडची ड्रॉइंग काढायचे. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरच्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी गावाला गेले. सर कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला शिकले, मग तेच शिकवायला लागले, आणि कधीतरी त्यांच्या डोक्यात आलं की आपण जी शेड काढतो तिच्यात माणूस चालवतासुद्धा येतो. एकदा चालवला, की त्याच्या मागे काहीतरी लावताही येतं.

गंमत अशी, की सरांना स्वतःला गेम खेळता यायचा नाही. स्क्रीनवरचा बोळ हलायला लागला की पाच मिनिटांत त्यांना मळमळायचं. काही लोकांना गाडी लागते, तसा सरांना गेम लागायचा. टेबलाच्या खणात आलेपाक ठेवलेला असायचा तो त्यासाठीच. म्हणून मी खेळायची आणि सर स्क्रीनच्या बाजूला खुर्ची उलटी टाकून माझ्याकडे बघत बसायचे. पहिल्या आठवड्यात मला फार अवघड झालं. एक अख्खा माणूस दिवसभर आपल्या तोंडाकडे बघतोय!

"सर, स्क्रीनकडे बघा ना."

"स्क्रीन मला पाठ आहे. मीच काढलीय," ते म्हणायचे. "तू चाल."

मी चालायची. सर कागदावर लिहायचे: खांदा. श्वास. डावा पाय. परत खांदा. जिथे मी दचकले नाही तिथे शून्य. मग संध्याकाळी आमचा प्रोग्रामर नितेश त्या शून्यांच्या जागा बदलायचा. 'घाबरलेल्या माणसाला खोटं बोलायला वेळ नसतो,' असं सर नेहमी म्हणत. माझ्या तोंडच्या शब्दावर त्यांनी कधी फार विश्वास ठेवला नाही. माझ्या खांद्यावर मात्र डोळे मिटून ठेवला.

हल्ली सर बदलापूरला राहतात आणि एका क्लासमध्ये पोरांना ड्रॉइंग शिकवतात. मी ठाण्याला एका मोठ्या कंपनीत हेच काम करते. तिथे आम्ही चाळीस जण ओळीने बसतो आणि गेममधल्या चुका शोधतो. भिंतीतून हात आरपार गेला, शिडीवर पाय अडकला, असलं काही. तू घाबरलीस का, असं तिथे आजवर मला कोणी विचारलेलं नाही.

पहिला भाग लोकांनी उचलून धरला. गेम जिथे विकतात त्या साइटवर खाली लोक अंगठा वर किंवा खाली करून आपलं मत लिहितात. आमच्याकडे वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. हिंदीत गेम खेळून दाखवणारा एक मुलगा तर व्हिडिओत खुर्चीवरून पडला. ते यंत्राचं भयानक धडधडणं खरं तर खालच्या कारखान्यातल्या शिलाई मशीनचं होतं, नितेशने हळू करून घातलेलं. कारखान्याचे मालक सिंधी होते, आम्ही त्यांना साईं म्हणायचो. ते जिन्यातून हाक मारायचे, "अरे ओ भूतवाले! मेरी मशीन फेमस कर दी, अब चाय तो पी लो!"

लोकांना दुसरा भाग हवा होता. त्यात काय हवं तेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. जास्त अंधार, जास्त भुतं, आणि एकदा तरी बंदूक.

सर म्हणाले, "दुसरा भाग भर दुपारी घडेल."

नितेशला वाटलं ते चेष्टा करताहेत. "सर, दुपारी भूत? लोग हसेंगे."

"अंधारात कोणीही घाबरवेल. त्यात आपलं काय?"

दुसऱ्या भागाची गोष्ट अशी. त्या कारखान्याच्या जागेवर आता बावीस मजली सोसायटी झालीय. पहिल्या भागातला रखवालदार परत आलाच नाही, आणि त्याची बायको त्याला शोधत तिथे येते. स्वच्छ ऊन. चकचकीत फरशी. ती दारोदार बेल वाजवून विचारते. काही दारं उघडत नाहीत. काही उघडतात, आणि आतला माणूस साधाच दिसतो, साधंच बोलतो, पण कुठेतरी काहीतरी चुकलेलं असतं. तिच्या हातात बॅटरी नाही, सेल नाहीत, काहीच नाही. फक्त नवऱ्याचं नाव लक्षात ठेवायचं. ज्या क्षणी ते विसरलं, त्या क्षणी खेळ संपला.

या सोसायटीसाठी सरांनी मला अंबरनाथ-बदलापूरचे किती सॅम्पल फ्लॅट हिंडवले असतील! बिल्डरच्या ऑफिसात लोक आम्हाला बाप-लेक समजायचे. सर सगळी खोली पावलांनी मोजायचे, कपाटं उघडायचे. एका ठिकाणी फ्रिज उघडला तर आत काहीच नाही, कप्पेसुद्धा नाहीत, नुसतं खोकं. टीव्ही पुठ्ठ्याचा. टोपलीत प्लॅस्टिकची सफरचंदं. सर त्या हॉलच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. मग माहिती सांगणाऱ्या मुलीला म्हणाले, "बेडरूममधून हाक मारली तर इथे ऐकू येते का?"

"नाही सर, एकदम साउंडप्रूफ आहे!" ती आनंदाने म्हणाली.

"वाईट," सर म्हणाले, आणि ते पट्टी खिशात टाकून निघाले. ती बिचारी लिफ्टपर्यंत मागे आली, "सर, पार्किंग पण आहे," म्हणत.

सातव्या मजल्यावर सरांनी एक म्हातारी ठेवली होती. तिच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव. ती दार उघडते, हसते आणि म्हणते, "बसा ना. कुठून आलात?" बसलं की पाणी देते आणि बोलत राहते. तिचं बोलणं ऐकता ऐकता अकरा मिनिटं झाली की आपण नवऱ्याचं नाव विसरतो आणि हरतो. ती अंगावर धावून येत नाही, दारही लावत नाही. नुसती बसवून घेते. "याच्याहून भयंकर मला दुसरं काही सुचत नाही," असं सर मला एकदा म्हणाले होते. म्हणताना त्यांच्या हातातलं पेन थांबलेलं होतं.

तिचा आवाज साईंच्या आईचा. आम्ही सगळेच त्यांना अम्मा म्हणायचो. फाळणीत लहानपणी जहाजातून आलेल्या, कॅम्पातल्या बराकींत वाढलेल्या. दिवसभर कारखान्याच्या दाराशी खाट टाकून बसलेल्या असायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "अचु, वेहु" म्हणायच्या. ये, बस. सरांनी त्यांना वाक्यं लिहून दिली होती. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "ये क्या पढना, मैं ऐसेच बोलती," म्हणाल्या आणि मराठी, हिंदी, सिंधी सगळं एकात कालवून बोलत सुटल्या. बराकीत पाण्यासाठी लागणारी रांग, उन्हात घातलेले पापड, कावळा कसा हाकलायचा, तू जेवलीस का. सरांनी ते सगळं तसंच्या तसं गेममध्ये घातलं.

आता माझ्या वाटणीचं सांगते.

दुसऱ्या भागाला मी घाबरले नाही. सुरुवातीला एक-दोनदा दचकले असेन, तेवढंच. मला वाटलं, माझंच काहीतरी झालंय. दोन वर्षं रोज घाबरून माणूस निर्ढावणारच. समोर सर उलट्या खुर्चीत बसलेले, पेन कागदावर टेकलेलं, आणि ते माझ्या खांद्याकडे असे बघायचे, जसा एखादा माणूस निकालाच्या कागदाकडे बघतो. पहिलं शून्य पडलं तेव्हा त्यांनी रात्री जागून त्या जागेचं सगळं ड्रॉइंग नव्याने केलं आणि सकाळी डोळे चोळत परत खुर्चीत येऊन बसले. दुसरं शून्य पडलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी खांदा उचलला.

नितेशच्या लक्षात आलं होतं. चहाला खाली गेलो तेव्हा तो म्हणाला, "तू ॲक्टिंग करतेयस ना?"

"सांगू का त्यांना?"

"आता सांगून काय करणार? एवढं काम झालंय. राहू दे. लोकांना आवडेल पण."

मग मी रोज करत गेले. खांदा, श्वास, डावा पाय. मला ते चांगलं जमायला लागलं. सरांचे कागद भरत गेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिवसेंदिवस एक निवांतपणा यायला लागला. तो बघून मला घरी जेवण जायचं नाही.

गेम एका शुक्रवारी दुपारी बाहेर आला. साईंनी पेढे वाटले. तीन तासांत पहिला अंगठा पडला, खाली. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत तर नितेशने स्क्रीन पलीकडे वळवून ठेवली होती. पहिल्या भागात खुर्चीवरून पडलेल्या त्या मुलाने दुसरा भागही खेळून दाखवला. अर्ध्या तासाने तो जांभई देऊन म्हणाला, "भाई, ये हॉरर है या सोसायटी का मेंटेनन्स?" ते वाक्य लोकांनी उचललं. नंतर जो येईल तो तेच लिहायचा. कुणी विचारायचं, पार्किंगचं भूत कितव्या मजल्यावर आहे. कुणी लिहायचं, बायकोच्या हातात निदान लाटणं तरी द्यायचं.

सरांनी सगळं वाचून घ्यायचं ठरवलं. रोज सकाळी मी मोठ्याने वाचायची आणि सर उभे राहून ऐकायचे. शिवी आली की मी ती गाळून पुढे जायची. "मधलं सोडू नकोस," ते म्हणायचे. "त्याने बसून टाइप केलंय. वाच." आयुष्यात मी कधी तोंडातून काढले नाहीत असले शब्द मी त्या आठवड्यात सरांसमोर, सरांना उद्देशून, बालवाडीतल्या कवितेसारखे म्हणून दाखवले. ते मान हलवायचे. एखाद्याने नीट कारण दिलं असेल तर "हं, याला कळतंय," म्हणायचे.

दहाव्या दिवशी मला राहवलं नाही. मी घरून पाच वेगवेगळ्या नावांनी पाच अंगठे वर केले आणि खाली चांगलं चांगलं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाच मला मोठ्याने वाचावे लागले. हे मला आधी कसं सुचलं नाही कोण जाणे. मी आवाज सपाट ठेवून वाचत होते. चौथ्याला सर म्हणाले, "थांब. परत वाच."

"'चौदाव्या मजल्यावरचं दार उघडलं तेव्हा माझी टाळू गार पडली.'"

नितेश कीबोर्ड पुसायला लागला.

"टाळू गार पडते असं म्हणणारं अजून कोण आहे गं?"

"असतील, सर."

सर उभे होते, तसेच उभे राहिले. खाली मशीनं चालू होती. शेवटी मीच म्हटलं, "पाच माझे आहेत, सर."

"आणि कागदावरचे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तेपण."

"किती?"

"पहिला महिना सोडून सगळे. मीच खांदा उचलायची."

सर खुर्चीत बसले. त्यांनी टेबलावरच्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे घाबरत होतीस खरी. पण गेमला नाही. मला."

"तसं नाही, सर. तुमचं तोंड पडलं असतं."

"पडलं असतं," ते म्हणाले. "मग? काय झालं असतं?"

सर कधी आवाज चढवून बोलले नव्हते, कधी एक शब्द टाकून बोलले नव्हते. अशा माणसाला मी दीड वर्ष घाबरले, आणि त्या भीतीने त्यांचं जे नुकसान केलं ते त्या जांभई देणाऱ्या मुलानेही केलं नव्हतं. वेळेवर पडलेल्या शून्यांवरून त्यांनी गेम दुरुस्त केला असता. मी त्यांना ती संधीच दिली नाही.

सर तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि खुर्ची घेऊन माझ्याकडे पाठ करून भिंतीसमोर बसले. "पहिल्यापासून खेळ," म्हणाले. "मी बघणार नाही. तू बोल. कंटाळा आला तर कंटाळा म्हण."

मी बोलले. सहा दिवस बोलले. इथे कंटाळा. इथे हसू आलं. इथे काय करायचं तेच कळत नाही. सर भिंतीकडे तोंड करून लिहीत होते. सातव्या मजल्यावर आले, म्हातारीने दार उघडलं, मी बसले आणि गप्प झाले.

"इथे काय?"

"इथे बरं वाटतं, सर."

ते वळले. "काय वाटतं?"

"बरं. उठावंसं वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी कधीकधी नुसती इथे येऊन बसायची."

"अगं, इथे बसलं की माणूस संपतो."

"माहीत आहे, सर. तरीपण."

"ती तुला ओळखत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तू कोण ते तिला माहीत नाही. आणि तुला बरं वाटतं?"

"बसा म्हणते ना ती."

सरांनी त्या जागेपुढे काहीच लिहिलं नाही. शून्यही नाही.

त्यानंतर त्यांनी गेमच्या पानावरून 'हॉरर' हा शब्द काढायला सांगितला आणि खाली स्वतः मराठीत लिहिलं: 'हा खेळ घाबरवत नाही. घाबरवतो असं आम्ही सांगितलं, ती चूक माझी.' मी म्हटलं, चूक माझी आहे, तसं लिहा. ते म्हणाले, "कागदावर सही कुणाची असते? ड्रॉइंग काढणाऱ्याची." नितेश भडकला. तो एक शब्द पाहून तर लोक येतात, तोच काढला तर उरलं काय, असं त्याचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याने पुण्याला नोकरी धरली. जाताना मात्र मला दोन दिवस बसवून गेममध्ये कुठला आकडा कुठे बदलायचा ते शिकवून गेला.

उरलो सर आणि मी. अशात एका दुपारी जिन्यातून एक बाई वर आल्या. पस्तिशीच्या असतील, हातात छत्री. गेमच्या पानावर आमचा पत्ता होता, तो विचारत आल्या होत्या. बदलापूरला नव्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहायच्या. नवरा कामासाठी आखातात. गेम त्यांच्या भाच्याने लॅपटॉपवर घालून दिला होता आणि पंधरा मिनिटांत कंटाळून तो सोडून गेला होता.

"मी तो तुमचा नवरा शोधायचा वगैरे खेळत नाही," त्या संकोचून म्हणाल्या. "मी सातव्या मजल्यावर जाते फक्त. त्या आजी आहेत ना. जेवण झालं की मी रोज जाते."

"रोज?" सरांनी विचारलं.

"हो. पण आता त्यांचं तेच तेच यायला लागलंय. पापडाचं मला पाठ झालं. त्यांचं अजून काही बोलणं असेल तर घालाल का?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली, आलेपाक दिला. बाई गेल्यावर सरांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "माइक काढ."

त्या पावसाळ्यात आमच्या दोन माणसांच्या स्टुडिओने तेवढं एकच काम केलं. कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली, मशीनं थांबली, की सर अम्मांच्या खाटेशी उकिडवे बसायचे आणि मी पायरीवर हेडफोन लावून रेकॉर्ड करायची. अम्मा बोलायच्या. लग्नातला बँड, पहिला पंखा, मेलेली बहीण, कढीत काय काय पडतं. नवीन बोलणं आम्ही दर आठवड्याला गेममध्ये टाकायचो. त्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी लिहिलं असेल, तेही एका ओळीत.

एके दिवशी अम्मा बोलता बोलता थांबल्या. "मैंच कब से बोलती हूँ," म्हणाल्या. "तू बोल ना कुछ. माँ है तेरी?"

"नाही. गेली," सर म्हणाले.

एवढं मला माहीत होतं. पहिला भाग चालू असताना त्या गेल्या, तेव्हा सर एकच दिवस घरी राहिले होते. त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं.

"शेवटचं वर्षभर ती मला ओळखत नव्हती," सर म्हणाले. मराठीतच बोलत होते, खाटेच्या पायाकडे बघत. "मी घरी गेलो की दार उघडून म्हणायची, बसा ना, कुठून आलात? मला अहो-जाहो करायची. पाणी आणून द्यायची. हसायची. मी नाही बसलो कधी. आज उशीर झालाय, काम आहे, असं काहीतरी सांगून आतल्या खोलीत जायचो, नाहीतर परत बाहेर. मला वाटायचं, एकदा बसलो की मी पाहुणाच झालो. मग संपलंच."

अम्मांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तो बैठ जाता," त्या म्हणाल्या. रागावून नाही; पोराने ताटात भाजी टाकली तर म्हणतात तसं. "मेहमान तो मेहमान. उसका टाइम अच्छा जाता."

हेडफोनमध्ये मला सरांचा श्वास ऐकू आला. मी रेकॉर्डिंग बंद केलं, हेडफोन काढला आणि जिना चढून वर गेले.

सर वर आले तेव्हा खाली शिलाई सुरू होऊन बराच वेळ झाला होता. मी म्हटलं, "सर, तुमचं बोलणं रेकॉर्ड झालं होतं. मी पुसलं."

"अम्मांचंही?"

"दोन्ही एकातच होतं."

"बरं केलंस." त्यांनी आपली खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी, स्क्रीनकडे तोंड करून बसले. "सातव्या मजल्यावर ती अकरा मिनिटं कुठे लिहिलीयत?"

मी ती जागा उघडून दाखवली. "किती करू?"

"काढून टाक."

"मग तिथे हरणार कसं कोणी?"

"नाही हरलं तर नाही हरलं," सर म्हणाले.

मी आकडा पुसला. तिथे रिकामी चौकट राहिली. तिच्यात काय भरू म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते म्हणाले, "काही नको. ज्याला जेवढं बसायचंय तेवढं बसू दे."